१८६ ते १४२० : तापीकाठच्या एका घराचं प्रकरण

२०२१ सालच्या एप्रिलची १९ तारीख, कोरोनाची दुसरी लाट. दवाखान्याच्या ओट्यावर सकाळपासून रांग लागलेली, जो तो बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा बघत बसलेला, आणि बाहेर डांबर वितळवणारं खानदेशी ऊन. त्या गर्दीतून मागच्या दाराने तो आत आला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"सर, बघा. मार्चमध्ये एकशे शहाऐंशी होत्या, आता चौदाशे वीस. महिन्यात साडेसात पट. आणि मला साधी शिंकही आलेली नाही."

अँटीबॉडीचा रिपोर्ट होता. आणणारा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातला ३२ वर्षांचा लॅब टेक्निशियन. वर्षभर रोज पन्नास-शंभर नाकांतून स्वॅब काढणारा. तालुक्याचं नाव लिहीत नाही. घरच्यांना विचारूनच हे लिहितो आहे, पण गावात ओळख पटायला फार काही लागत नाही.

त्याचं म्हणणं साधं होतं आणि पहिल्यांदा ऐकताना पटण्यासारखंही होतं. लस म्हणजे पाया. त्यावर रोज थोडा थोडा विषाणू अंगावर येतो तो गिलावा. दोन्ही डोस झालेल्या माणसाने विषाणूपासून पळायची गरज नाही, उलट अधूनमधून चाटून गेला तर बरंच, प्रतिकारशक्ती ताजी राहते. पुरावा म्हणून आकडा होताच. पुरावा नंबर दोन म्हणजे त्याच खोलीत काम करणाऱ्या सिस्टर. त्या एन-९५ मास्क, त्यावर शिल्ड, असा सगळा जामानिमा करूनच बसायच्या. "सिस्टरांच्या उतरत चालल्यात, माझ्या चढताहेत. का? मी उघडा आहे म्हणून."

मी त्या दिवशी त्याला नीट उत्तर दिलं नाही. रांग मोठी होती. "मास्क नीट लाव" एवढंच म्हणालो आणि पुढच्या माणसाला हाक मारली. हे मी नोंदवून ठेवतो, कारण तीन दिवसांनी, २२ एप्रिलला, त्याच्या वडिलांना ताप आला.

घर

तापीच्या काठावरचं गाव. थोडी केळी, थोडी कपाशी. घरात आई-वडील, टेक्निशियन, त्याची बायको आणि पाच वर्षांची मुलगी. वडिलांना सगळे आप्पा म्हणतात, मीही. वय ६६, बारा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या नियमित, पण साखर कधीच पूर्ण ताब्यात नाही.

टेक्निशियनने कोविशिल्डचा पहिला डोस जानेवारीच्या शेवटी घेतला. देशात लसीकरण १६ जानेवारीला सुरू झालं तेव्हा पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे चार आठवड्यांनी, २७ फेब्रुवारीला, दुसरा डोस झाला. साठीपुढच्यांना १ मार्चपासून लस खुली झाली आणि आप्पांनी २० मार्चला पहिला डोस घेतला. दोनच दिवसांनी कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर वाढवून सहा ते आठ आठवड्यांचं करायला केंद्राने सांगितलं. म्हणजे एप्रिलमध्ये आप्पा अर्ध्या वाटेवर उभे होते.

जळगावात मार्चच्या मध्याला जनता कर्फ्यू होऊन गेला होता. १४ एप्रिलच्या रात्री राज्यभर निर्बंध लागले. २०२० च्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या मृत्यूंचं प्रमाण राज्यभर चर्चेचा विषय झालं होतं, ते लोक विसरले नव्हते. तरी लस आल्यावर सगळ्यांनीच जरा सुस्कारा सोडला होता.

टेक्निशियनचा सुस्कारा थोडा जास्त मोकळा होता. मार्च संपता संपता त्याने शिल्ड वापरणं सोडलं. मास्क होता, पण चहाच्या वेळी, मोबाइलवर बोलताना, उकडलं की गळ्यात. घरी आल्यावर आधी आंघोळ, वेगळं ताट, बाहेरच्या खोलीत झोपणं, हे वर्षभर पाळलेलं सगळं त्याने गुढीपाडव्याआधीच बंद केलं. पाडव्याला, १३ एप्रिलला, बापलेक एका पंगतीत जेवले. दुसऱ्या दिवशी त्याला दिवसभर अंग मोडल्यासारखं वाटलं. संध्याकाळी आंघोळ करून तो झोपला, सकाळी ठणठणीत. याला त्याने काहीच नाव दिलं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा, मे महिन्यात, त्याला ते आठवलं.

आप्पांचा ताप दोन दिवस अंगावर काढला गेला. २४ ला अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह आली. २६ ला घरातल्या सगळ्यांचे स्वॅब गेले. टेक्निशियन निगेटिव्ह. त्याच्या मताला तिसरा पुरावा मिळाला. २७ ला आप्पांचा ऑक्सिजन ८९ वर आला, सिटी स्कॅनचा स्कोअर २५ पैकी १३. त्या दिवसांत खानदेशात माणसाची चौकशी करताना लोक नावाआधी "स्कोअर किती?" असं विचारायचे. बेड मिळायला सात तास लागले. स्टेरॉइड सुरू केल्यावर साखर चारशेच्या वर गेली, म्हणजे एकीकडे फुप्फुस आणि दुसरीकडे साखर अशी दुहेरी झुंज. बारा दिवस ऑक्सिजन लागला. ९ मे रोजी आप्पा घरी आले, नऊ किलो वजन कमी होऊन.

पाच दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. त्यांच्या दोन्ही लेकी त्या वर्षी माहेरी आल्या नाहीत. अंगणातल्या निंबाला झोका बांधला गेला नाही.

१८६ आणि १४२०

आप्पा घरी आल्यावर टेक्निशियन माझ्याकडे बसायला लागला. दवाखाना संपल्यावर, रात्री. त्याला दोष ऐकायचा नव्हता आणि मलाही द्यायचा नव्हता. त्याला समजून घ्यायचं होतं, आणि एव्हाना मलाही. मी त्याला म्हणालो, दोन्ही रिपोर्ट कागदावर आण.

कागद समोर ठेवले आणि पहिल्या पाच मिनिटांत साडेसात पट गेली.

मार्चची तपासणी जळगावच्या एका लॅबची होती, यंत्र रोश कंपनीचं, एकक युनिट प्रति मिलिलिटर. एप्रिलची दुसऱ्या लॅबची, नमुना मुंबईला गेलेला, किट ॲबटचं, एककापुढे एक जास्तीचं अक्षर, म्हणजे त्या कंपनीचं स्वतःचं मनमानी एकक. पहिल्या किटमध्ये ०.८ च्या वर गेलं की पॉझिटिव्ह, दुसऱ्यात ५० च्या वर. दोन वेगळ्या तराजूंवर तोललेला माल होता हा, एक शेर आणि एक किलो, आणि आकडे सरळ एकमेकांखाली लिहून वजाबाकी केलेली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या डिसेंबरात एक समान मापदंड ठरवून दिला होता. त्यात बदलायचं तर रोशचा आकडा जवळपास एकास एक धरतात, ॲबटचा ०.१४२ ने गुणतात. मी कागदाच्या मागे गुणाकार केला. १४२० चे झाले २०२. मार्चचे होते १८६, म्हणजे साधारण १९०. वाढ जवळजवळ नाहीच. गुणाकार करूनही दोन किटचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, तेव्हा १९० आणि २०२ मधल्या फरकाला तर अर्थच नाही.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. स्वतः लॅबमधला माणूस. साखरेचा रिपोर्ट कोणी एकक न बघता वाचला असता तर त्याने दोन शब्द सुनावले असते. मला तेव्हा त्याची फार कणव आली. वर्षभर मृत्यूच्या दारात बसून स्वॅब काढणाऱ्या माणसाला एक चांगली बातमी हवी होती, आणि ती आकड्याच्या रूपात मिळाली की माणूस एकक बघत नाही.

सिस्टरांच्या "उतरत चाललेल्या" अँटीबॉडीचंही तेच. त्यांच्या दोन्ही तपासण्या एकाच लॅबच्या होत्या आणि आकडा मार्चमध्ये २१० वरून एप्रिलमध्ये १६० वर आला होता. लस घेतल्यावर काही आठवड्यांनी अँटीबॉडी कमी होत जातात, हे अपेक्षितच आहे. ज्या पेशी आठवण ठेवतात त्या रक्तातल्या या आकड्यात दिसत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पुढच्याच महिन्यात, १९ मे २०२१ ला, लसीनंतर आपली प्रतिकारशक्ती किती ते ठरवण्यासाठी ही तपासणी वापरू नका असं जाहीरपणे सांगितलं. आपल्याकडे मात्र गावोगाव पॅकेज निघाली होती.

मग काही झालंच नव्हतं का?

झालं होतं. इथे प्रकरणाला वळण लागतं.

१० मे रोजी मी दोघांची, त्याची आणि सिस्टरांची, पुन्हा तपासणी करून घेतली. एकाच लॅबमध्ये, एकाच किटवर, आणि या वेळी दोन प्रकारच्या अँटीबॉडी. एक विषाणूच्या काट्याविरुद्धची, जिला स्पाइक म्हणतात. दुसरी त्याच्या आतल्या गाभ्याच्या प्रथिनाविरुद्धची, न्यूक्लिओकॅप्सिड. कोविशिल्डमध्ये फक्त काट्याची माहिती असते. त्यामुळे कोविशिल्ड घेतलेल्या माणसाच्या रक्तात गाभ्याविरुद्धची अँटीबॉडी सापडली, तर ती लसीची नाही. ती खऱ्या विषाणूची खूण आहे.

रुग्णालयातल्या वॉर्डबॉयनेही हौसेने आपलं रक्त दिलं होतं. पण त्याची लस कोव्हॅक्सिन. तिच्यात अख्खा विषाणू मारून घातलेला असतो, गाभ्यासकट, म्हणून त्याची चाचणी पॉझिटिव्ह आली तरी ती लसीची की लागणीची हे सांगता येत नाही. ते त्याला समजावताना मला दम लागला.

सिस्टर गाभ्याच्या चाचणीत निगेटिव्ह. टेक्निशियन ठळक पॉझिटिव्ह, आणि त्याच्या काट्याच्या अँटीबॉडी, मार्चच्याच किटवर, २८६०.

म्हणजे आता त्याचं म्हणणं आकड्यांपुरतं खरं ठरलं होतं. मार्चच्या तुलनेत पंधरा पट वाढ, एकाच तराजूवर. पण ती "थोड्या थोड्या संपर्काने" आलेली नव्हती. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत कधीतरी त्याला पूर्ण लागण होऊन गेली होती, आणि अंग मोडून आलेला १४ एप्रिलचा तो एक दिवस हा सर्वांत जवळचा संशयित. २६ एप्रिलचा निगेटिव्ह स्वॅब त्याच्याशी जुळतो. बारा दिवसांत लस घेतलेल्या तरुण माणसाचं नाक साफ झालेलं असू शकतं.

आप्पांना ती त्याच्याकडूनच लागली का? हे मी सिद्ध करू शकत नाही. १७ एप्रिलला आप्पा भाऊबंदकीतल्या एका अंत्ययात्रेला गेले होते, शंभर माणसं होती. तारखा दोन्हीकडे बसतात. टेक्निशियनला मी हेच सांगितलं, आणि समजूत घालण्यासाठी नाही, तर खरंच तसं आहे म्हणून. मनात मात्र माझं माप रोजच्या एका पंगतीकडे झुकतं.

सिस्टरांच्या निगेटिव्हबद्दलही हात राखून बोललं पाहिजे. अमेरिकेत मॉडर्ना लसीच्या चाचणीत पुढे दिसून आलं की लस न घेतलेल्यांना लागण झाली तर त्यांतल्या ९३ टक्क्यांत गाभ्याची अँटीबॉडी सापडते, पण लस घेतलेल्यांना लागण झाली तर फक्त ४० टक्क्यांत. लस विषाणूला लवकर आवरते, गाभा शरीराला पुरेसा दिसतच नाही. तेव्हा सिस्टरांना काहीच झालं नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्यांच्या घरात कोणी आजारी पडलं नाही, एवढं मात्र खरं.

थोडा म्हणजे किती

या प्रकरणानंतर मी हा प्रश्न सोडला नाही. "लस घेतलेल्याला थोडासा विषाणू लागला तर प्रतिकारशक्ती वाढते का?" त्यात सगळा घोळ "थोडासा" या शब्दात आहे.

कोविशिल्डच्या एका डोसात, अर्ध्या मिलिलिटरमध्ये, ५००० कोटी विषाणूकण असतात. ते वाढू न शकणारे, पण काट्याची माहिती पेशींना देणारे. प्रतिकारशक्ती जागी करायला एवढी मोठी दवंडी पिटावी लागते. शेजारच्या माणसाच्या श्वासातून आलेले मूठभर कण नाकातल्या शेंबडात अडकून तिथेच मेले, तर शरीराला त्यांची दखल घ्यायलाही पुरेसा माल मिळत नाही. दवंडी पिटलीच जात नाही. मग ती पिटली कधी जाते? त्या मूठभरांपैकी काहींनी पेशीत शिरून स्वतःच्या लाखो प्रती काढल्या तर. पण त्यालाच तर लागण म्हणतात.

इंग्लंडमध्ये २०२१ साली तरुण, निरोगी, लस न घेतलेल्या स्वयंसेवकांच्या नाकात मोजून विषाणू टाकला गेला. मात्रा इतकी कमी की प्रयोगशाळेच्या मापाने दहा एकक, नाकातल्या एका बारीक थेंबात असतो तेवढा. ३४ जणांपैकी १८ जणांना लागण झाली. आणि ज्यांना झाली त्यांच्या नाकात पाचेक दिवसांत मिलिलिटरमागे कोट्यवधी प्रती होत्या. कोणाला सर्दी होती, कोणाला जेमतेम, पण लक्षणं कमी म्हणून विषाणू कमी असं नव्हतं. टेक्निशियनचं मोडलेलं अंग मला तिथे आठवलं.

ते सगळे लसीशिवायचे होते, हे खरं. लस घेतलेल्याच्या अंगात विषाणूला उभं राहणं अवघड जातं. पण दंडावर टोचलेली लस रक्तात फौज उभी करते, नाकाच्या अस्तरावर तेवढी नाही. म्हणून आत शिरून फुप्फुस जाळणं लस बऱ्याच अंशी थांबवते, पण दाराशी येऊन थोडे दिवस राहून शेजारच्याला लागणं तितकंसं थांबवत नाही.

लोक गोवराचं उदाहरण देतात, आणि ते उदाहरण खरंच चांगलं आहे, दोन्ही बाजूंनी. १९८५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाच्या वसतिगृहात गोवराची साथ आली. योगायोग असा की साथीच्या आधीच तिथे रक्तदान शिबिर झालं होतं. त्यामुळे संपर्कात आलेल्या ८० दात्यांच्या संपर्काआधीच्या अँटीबॉडी मोजता आल्या. ज्या ९ जणांचा आकडा १२० किंवा त्याखाली होता त्यांतल्या ८ जणांना गोवर झाला. १२० च्या वर असलेल्या ७१ पैकी कोणालाही निकषात बसणारा गोवर झाला नाही. २१६ ते ८७४ अशा मधल्या पट्ट्यातल्या ११ जणांपैकी ७ जणांच्या अँटीबॉडी निकषात बसणाऱ्या आजाराशिवाय चौपट किंवा त्याहून वर गेल्या. आणि १०५२ किंवा त्यावरच्या ३७ पैकी एकाच्याही तेवढ्या वाढल्या नाहीत.

मी हे टेक्निशियनला सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "म्हणजे मधल्यांना फायदा झालाच ना?" झाला. पण खालच्यांना तोच संपर्क आजार देऊन गेला, वरच्यांना काहीच देऊन गेला नाही. कोण कुठल्या पट्ट्यात आहे हे साथीच्या आधी कोणाला माहीत नव्हतं, योगायोगाने बाटल्या जपून होत्या म्हणून नंतर कळलं. शिवाय गोवराचा विषाणू फारसा रूप बदलत नाही. कोरोनाचा दर सहा महिन्यांनी नवा अंगरखा घालून येतो.

त्याच्या बाजूचा आणखी एक पुरावा मी लपवला नाही. २०२१ च्या शेवटी लंडनच्या संशोधकांनी पहिल्या लाटेतल्या काही आरोग्य कर्मचाऱ्यांबद्दल लिहिलं. रोज संपर्कात असूनही त्यांची चाचणी कधी पॉझिटिव्ह आली नाही, अँटीबॉडी तयार झाल्या नाहीत, पण रक्तातल्या टी-पेशींत, म्हणजे आठवण ठेवणाऱ्या पेशींच्या एका प्रकारात, विषाणूच्या आतल्या यंत्रणेची ओळख वाढलेली होती. म्हणजे काही माणसांत लागण सुरू होऊन, चाचणीला दिसण्याआधीच विझते. असं होतं, निश्चित होतं. पण ज्याची विझली आणि ज्याची पेटली ते दोघेही सकाळी सारखेच वाटत असतात.

आणि लस अधिक लागण, या दोन्हींची मिळून जी संकरित प्रतिकारशक्ती होते तिचं काय? ती सर्वांत बळकट, यात वाद नाही. २०२३ च्या सुरुवातीला अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले तेव्हा तीव्र आजारापासून वर्षभरानंतरही सुमारे ९७ टक्के संरक्षण दिसलं, फिरून लागण होण्यापासून मात्र ४२ टक्क्यांच्या आसपासच. हे ९७ टक्के वाचताना मी दर वेळी थांबतो. हा हिशेब लागणीतून उठून बसलेल्यांचा आहे. जे उठले नाहीत ते या टक्केवारीत कुठेच नाहीत.

केळीची रोपं

जूनच्या शेवटी आप्पांना बघायला घरी गेलो. पाऊस लांबलेला. आप्पा ओट्यावर खाटेवर, काठी जवळ. मुलाचं आणि माझं काय बोलणं चालतं हे त्यांना माहीत होतं. ते मुलाची बाजू घेऊन बोलले, बाप घेईल तशी.

"डॉक्टरसाहेब, केळीनं रोप लॅबमातून येस ना, त्याले एकदम उनमा लावतस का? आधी शेडनेटमा ठेवनं पडस. मंग हळूहळू उनमा काढनं पडस. आंगनं बी तसंच शे."

टिश्यू कल्चरची रोपं आणणाऱ्या या जिल्ह्यात याहून चांगला दाखला कोणी दिला नसता. हार्डनिंग न करता रोप लावलं तर ते करपतं, हे इथल्या पोरालाही माहीत आहे. मी खरंच क्षणभर अडकलो.

मग म्हणालो, "आप्पा, ऊन रोपात वाढत नाही. तुम्ही दोन तास दिलं तर दोनच तास मिळतं. विषाणू वाढतो. मागच्या वर्षी रावेर-यावलकडे हरण्या आला, तेव्हा लोकांनी काय केलं?"

२०२० च्या पावसाळ्यात केळीवर कुकुंबर मोझॅक विषाणू आला होता. पानांवर पिवळे पट्टे, पोंगा सडलेला. मावा एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. शेतकऱ्यांनी डोळ्यांत पाणी आणून झाडं मुळासकट उपटली आणि बांधाबाहेर नेऊन पुरली.

"उपटी टाकं," आप्पा म्हणाले.

"चार रोगट झाडं बागेत राहू द्या, बाकीची घट होतील, असं कोणी म्हणालं?"

आप्पा हसले नाहीत. नातीने आणून दिलेला पाण्याचा तांब्या त्यांनी बाजूला ठेवला आणि नदीच्या दिशेने बघत राहिले. झाडाला माणसासारख्या अँटीबॉडी नसतात, तेव्हा माझाही दाखला शंभर टक्के बसत नाही, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. पण वाढणारी गोष्ट आणि न वाढणारी गोष्ट यातला फरक शेतकऱ्याला सांगावा लागत नाही.

त्यांच्या आईने लहानपणी ऐकलेली एक गोष्ट त्यांनी मग काढली. इंग्रजांच्या आधी देवीच्या फोडातला पू निरोग्याच्या कातडीत टोचायचे, म्हणे. ते खरं आहे. लस येण्याआधी ही पद्धत भारतात होती, तुर्कस्तानात होती, तिथून इंग्लंडला गेली. मुद्दाम दिलेली थोडी लागण. देवी आपसूक झाली तर शंभरात वीस-तीस दगावायचे, अशी टोचून घेतली तर एक-दोन. त्या काळी तो सौदा फायद्याचा होता, कारण दुसरा उपायच नव्हता. पण टोचून घेतलेला माणूस इतरांना खरी देवी देऊ शकत असे. जेनरची लस हाती आल्यावर १८४० मध्ये इंग्लंडने कायदा करून ती जुनी रीत बंद केली. २०२० च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी असा विचार मांडला होता की मास्कमुळे कमी विषाणू आत जाऊन कदाचित तशीच सौम्य लागण होत असेल. तेव्हा लस नव्हती. आणि त्यांचा सल्ला मास्क लावा असा होता, काढा असा नव्हे. तोच विचार गावात पोचेपर्यंत उलटा झाला होता.

मला एवढंच म्हणायचं आहे. शरीराला विषाणूची आठवण करून द्यायची असेल तर मोजलेली, न वाढणारी, शेजारच्याला न लागणारी आठवण बाटलीत मिळते. विषाणूकडूनच ती घ्यायची म्हणजे विषाची परीक्षा, आणि ती परीक्षा आपल्याच अंगात थांबेल याची हमी कोणी देत नाही. आप्पांच्या अंगात तेव्हा एकच डोस होता. डेल्टाविरुद्ध एका डोसाने लक्षणं असलेल्या आजारापासून सुमारे ३१ टक्केच संरक्षण मिळतं आणि कोविशिल्डच्याच जातीच्या लसीच्या दोन डोसांनी ६७ टक्के, हे इंग्लंडचे आकडे जुलैत आले. मुलाचा "थोडासा" बापाला थोडासा राहिला नाही.

नंतर

त्याच जून-जुलैत देशाचं चौथं सेरो-सर्वेक्षण, म्हणजे लोकांच्या रक्तातल्या अँटीबॉडींची पाहणी झाली. आपला जळगाव त्या ७० जिल्ह्यांपैकी एक. देशभरात ६७.६ टक्के लोकांत अँटीबॉडी सापडल्या, आरोग्य कर्मचाऱ्यांत ८५ टक्के. टेक्निशियनने ती बातमी मला पाठवली, खाली काहीही न लिहिता.

आप्पांनी बरं झाल्यावर तीन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, दुसरा डोस घेतला. २०२२ च्या जानेवारीत ओमिक्रॉन आला. १० तारखेपासून आरोग्य कर्मचाऱ्यांना तिसरा डोस सुरू झाला, पण टेक्निशियनचा नंबर लागायच्या आतच त्याला पुन्हा कोरोना झाला. या वेळी लक्षणांसकट, तीन दिवस ताप. २८६० चा आकडा जुन्या विषाणूविरुद्धचा होता, नव्याने त्याला दारातच वळसा घातला. या वेळी मात्र पहिल्या कणकणीलाच तो बाहेरच्या खोलीत गेला. आप्पांनाही दोन दिवस सर्दी झाली, बाकी काही नाही. त्यांची लस आणि त्यांनी भोगलेला आजार या दोन्हींनी मिळून त्यांना वाचवलं असणार. म्हणजे संकरित प्रतिकारशक्तीचा फायदा या घरालाही मिळाला. त्याची किंमत म्हणजे बारा दिवसांचा ऑक्सिजन, आणि पुढे कायमची लागलेली धाप. केळीचा घड खांद्यावर घेऊन बांध चढणारे आप्पा आता ठिबकचा कॉक फिरवून आले की ओट्यावर बसतात.

टेक्निशियन अजून त्याच रुग्णालयात आहे. त्याच्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक रिपोर्टवर, साखर असो की थायरॉइड, आकड्याखाली तो निळ्या पेनाने दोन गोष्टी लिहितो : किटचं नाव आणि एकक. छापील रिपोर्टवर एकक असतंच, तरीही. मागच्या महिन्यात माझ्या एका रुग्णाचा कागद त्याच्याकडून आला. खाली निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, "मागचा रिपोर्ट दुसऱ्या किटचा आहे. सर, तुलना करू नका."